लाइन चालू आहे

पाथर्डीच्या बसस्थानकासमोर चहाच्या कुठल्याही टपरीवर बसा, बाकाच्या टोकाला तात्या असतातच. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, टोपी, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. टेस्टर बघून परगावचा माणूस समजतो, हे वायरमन असणार. तात्या वायरमन नाहीत आणि कधी नव्हते. विजेच्या ऑफिसशी त्यांचा संबंध बिलापुरता, तोही घरून काकूंनी दोनदा आठवण केली तर. टेस्टरचा उपयोग ते कान खाजवायला आणि मुद्दा पटवायला करतात. तरी गाव त्यांना लाइनतात्या म्हणतं.

लाइनतात्या हे खरं तर एका माणसाचं नाव नव्हे, पद आहे. तिसगावला एक लाइनतात्या आहेत, करंजीला एक, मिरीला एक. खरवंडीला दोन आहेत आणि त्या दोघांची लाइन जमत नाही. कुठे ते तात्या असतात, कुठे आबा, कुठे भाऊ. कुणी ग्रामपंचायतीचा माजी सदस्य, कुणी मुकादमकी सोडलेला, कुणी नुसताच मोकळा. मी सगळ्यांचे मिळून एकच तात्या करून टाकलेत, कारण बोलतात सगळे सारखंच. मराठीतले बाकीचे शब्द त्यांना येतात, पण गरज पडत नाही.

सकाळी सातला तात्यांचा फोन वाजायला लागतो.

"तात्या, आली का?"

"आली होती. गेली."

"परत कधी?"

"येईल. लाइन चालू आहे."

ऐकणाऱ्याला वाटावं, कुणाची तरी सून रुसून माहेरी ये-जा करते आहे. विषय विजेचा असतो. शेतीच्या पंपांची थ्री फेज आमच्याकडे पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. कोणत्या सबस्टेशनच्या कोणत्या फीडरला या आठवड्यात कोणती पाळी, हे कागदावर असतं आणि कागद ऑफिसात असतो. तात्यांच्या मात्र ते तोंडावर असतं. रात्रपाळी आली की माणूस बॅटरी, काठी आणि बिबट्याची धास्ती बरोबर घेऊन मळ्यात पाणी भरायला निघतो. निघायच्या आधी तात्यांना विचारतो. तात्या सांगतात, "दहाची आहे, पण साडेदहाला नीघ. दहाला समद्यांचे ऑटो स्विच एकदम मोटरी उचलतात आन् तिला खाली बसवतात. पहिला अर्धा तास ती नुसती डोकावून जाते."

तात्यांचं स्वतःचं रान जिराईत. विहीर नाही, मोटर नाही, बाजरी सगळी पावसावर. म्हणजे ज्या लायनीचं वेळापत्रक ते तालुक्याला पुरवतात, तिचा त्यांना गुंठाभरही उपयोग नाही. कुणी हे बोलून दाखवलं की टेस्टर वर होतो. "म्हणून तर खरं सांगतो. ज्याची मोटर आहे, तो आपल्या सोयीचं सांगंल."

सरकारी मराठीत लायनीला 'वाहिनी' म्हणतात. मंडळ मोडून 2005 साली महावितरण कंपनी झाली, तात्या अजून 'बोर्ड'च म्हणतात. आणि वाहिनी तर त्यांच्या घरात बंदच आहे. त्याला कारण घडलं. एकदा तात्यांच्या मोबाइलवर संदेश आला की वाहिनीच्या देखभाल-दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते चार पुरवठा बंद राहील. चष्मा घरी राहिलेला, म्हणून तात्यांनी फोन टपरीवरच्या पोऱ्याकडे दिला. पोऱ्याने पहिला काना गाळून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. फोन तात्यांचा, त्यात वहिनी, म्हणजे ती तात्यांच्याच घरची, असा लोकांनी हिशेब केला. अर्ध्या तासात गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या आणि एक चुलत दीर काकूंच्या दारात. "सहा तासांची दुरुस्ती म्हणजे ऑपरेशनच की गं बाई! कधीपासून दुखतंय?" काकू तेव्हा चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांनी आधी पाहुण्यांना चहा दिला, मग तात्या घरी आल्यावर हुकूम काढला की इथून पुढे या घरात लाइन म्हणायचं, दुसरं काही नाही.

वीज ही लायनीची पहिली इयत्ता. जायकवाडीच्या जलाशयातून शेवगाव-पाथर्डीकडे पाणी आणणारी लाइन ही दुसरी. ती फुटली की टँकरपुढे हंड्यांची लाइन लागते, ती तिसरी. तात्या तिन्ही एका दमात सांगतात, "लाइन फुटली, लाइन लागली, तू लायनीत राहा." आणि नवल म्हणजे हे ऐकून आजवर एकही बाई हंडा घेऊन चुकीच्या ठिकाणी गेलेली नाही.

नवरात्रात मोहटादेवीच्या गडावर दर्शनाची लाइन लागते, तेव्हा तात्या लांबूनच माणसांच्या डोक्यांवर नजर फिरवून सांगतात, ही अडीच तासांची. त्यांचा अंदाज देवस्थानच्या घोषणेपेक्षा जवळचा निघतो, असं निदान तात्या तरी म्हणतात. हंगामात वृद्धेश्वर कारखान्यावर गव्हाणीपुढे उसाचे ट्रॅक्टर लागले की कितवा नंबर पहाटे लागेल आणि कितव्याने घरी जाऊन झोपावं, तेही त्यांना फोनवर विचारतात. हात टेकतात ते फक्त मढीला. कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमाराला तिथे गाढवांचा बाजार भरतो. लांबलांबचे व्यापारी येतात, काठेवाडी गाढवांना चांगली किंमत येते. पण गाढव काही केल्या लायनीत उभं राहत नाही. "त्याला अजून तेवढी अक्कल आली नाही," असं तात्या म्हणतात. दोन तास उन्हात रेशनसाठी उभं राहून आलेल्या माणसाला या बाबतीत गाढवाची बाजू जास्त पटते.

पुढची इयत्ता दिशांची. दसरा-दिवाळी झाली की तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरलेला असतो, आणि ट्रकवर संसार चढवताना तात्या विचारतात, "यंदा कोणती लाइन? कोल्हापूर का कर्नाटक?" ट्रक गेले की वस्त्यांवर उरतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि तात्या. मग निराधारांच्या पगाराची लाइन, रेशनच्या अंगठ्याची लाइन, दवाखान्याच्या केसपेपरची लाइन, या सगळ्या पट्टा पडेपर्यंत, म्हणजे टोळ्या घरी येईपर्यंत, तात्यांच्या अंगावर पडतात. ते कुणाकडून पैसे घेत नाहीत. चहा घेतात. तो मात्र साखर जास्त घालून.

2016 चा नोव्हेंबर तात्यांचा सुवर्णकाळ. 8 तारखेला रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, आणि दिवाळी होऊन टोळ्या नुकत्याच गेलेल्या. पोरांनी उचलीतल्या चार नोटा म्हाताऱ्यांच्या हाती ठेवून गाव सोडलेलं. बँकेपुढे सूर्य उगवायच्या आधी चपलांची लाइन लागायची. मालक झाडाखाली, चपला उन्हात. कोणती चप्पल कुणाची, हे तात्यांना पाठ होतं. अंगठा तुटलेली वरच्या गल्लीची, दोऱ्याने शिवलेली आखेगावची, आणि दोन्ही डाव्या पायाच्या असतील तर ते सख्खे भाऊ. कुणी मध्ये चप्पल घुसवली तर तात्या टेस्टरच्या टोकाने ती बाहेर काढत. तीन आठवडे ते रोज तिथे होते. त्यांच्याकडे बदलायला पाचशेची एकही नोट नव्हती. काकूंकडे होत्या, डाळीच्या डब्यात, पण तात्यांना त्याचा पत्ता लागला तो मुदत संपल्यावर, काकूंनी त्या स्वतः लायनीत उभं राहून बदलून आणल्यानंतर. "तुमची लाइन दुसऱ्यासाठी," काकू म्हणाल्या, "माझी मलाच लावावी लागती."

तरण्या पोरांच्या लायनी वेगळ्या. दहावीचा निकाल लागला की बाप लोक टपरीवर येतात. "तात्या, पोराला कोणत्या लायनीला घालू?" तात्यांची यादी ठरलेली आहे. सायन्स लाइन, मेडिकल लाइन, आयटीआय लाइन, ड्रायव्हर लाइन, आणि कोणतीच जमली नाही तर एमपीएससी लाइन, जी लग्न ठरेपर्यंत चालते. पोरगं अभ्यास करत असेल तर ते 'लायनीवर' असतं, करत नसेल तर त्याची कुणाशी तरी 'लाइन' असते, आणि कॉलेजच्या रस्त्यावर उगाच मोटारसायकल फिरवत असेल तर ते 'लाइन मारत' असतं. या शेवटच्या दोन अर्थांवर तात्यांचा फारसा अधिकार नाही. त्यांच्या काळी लग्नाआधी बायको दिसायची ती अंतरपाटाच्या वरून, आणि तेवढ्यावर कसली लाइन बसणार?

या अर्थांची गाठ एकदा भर बैठकीत पडली. मुलगा आमच्या भागातला, मुलगी तिसगावकडची, मध्यस्थ तात्या. बघायच्या कार्यक्रमाला मुलीसकट तिच्याकडची सात-आठ माणसं मुलाच्या घरी आलेली. पोहे झाले. मुलीचे मामा नगरला नोकरीला, म्हणून प्रश्न विचारायचा मान त्यांच्याकडे.

"मुलगा कोणत्या लायनीला आहे?"

"आधी सायन्स लाइन केली," तात्या म्हणाले, "मंग आयटीआय लाइन. आता दुधाच्या लायनीत आहे. पर पोरगं एकदम लायनीवर आहे, त्याची हमी माझी."

मामांनी घसा खाकरला. "ते दिसतंयच. तरी विचारलेलं बरं. बाहेर कुठं लाइन-बिइन नाही ना?"

मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. घराण्याची अब्रू पणाला लागली आहे हे तिला तात्काळ कळलं.

"नाही कशी? दोन लायनी आहेत!"

बशीत ओतलेला चहा बशीतच राहिला.

"एक घरची," आई कौतुकाने सांगू लागली, "तिची काही तक्रार नाही, चोवीस तास असती. दुसरी मळ्यातली. तिचा काय नेम नाही बघा. कधी दिवसा, कधी रातच्याला. रातची असली की हा जेवतो आन् तिकडंच जातो, ते पहाटंच येतो. लई कष्टाळू आहे."

मुलीच्या आजीने पदर तोंडाला लावला. मामांचा आवाज चढला. "आणि हे तुम्ही चालू दिलं?"

"आम्ही कशाला बंद करू? चांगली मामंजींच्या नावावर आहे ती. त्यांनीच कोटेशन भरून घेतली होती."

मामा उठले. त्यांच्या मागे चपला शोधायला तिघे उठले. मुलगा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता, त्यामुळे तो गुन्हेगारच वाटत होता. तेव्हा तात्यांनी खिशातून टेस्टर काढला, भिंतीवरच्या बोर्डात खुपसला, आतला दिवा लागलेला सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "बसा मामा. ही ती लाइन. हिला वेणी-फणी काही नाही आन् नवरा पळवायची ताकदही नाही." सगळ्यांत आधी आतल्या खोलीतून मुलीचं हसू ऐकू आलं. लग्न जमलं. हल्ली रात्रपाळीला नवरा-बायको दोघंही मळ्यात जातात.

गावाबाहेरचे लोक म्हणतात, या माणसाची भाषा गरीब आहे. आमच्या कॉलेजातले इंग्रजीचे एक प्राध्यापक टपरीवर येत. त्यांनी तात्यांना एकदा ऐकवलं की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची 1989 ची वीस खंडांची आवृत्ती आहे, आणि तिच्यात सर्वांत लांब नोंद 'सेट' या एवढ्याशा शब्दाची आहे, नुसते अर्थच शेकड्यांनी. तात्यांनी चहाचा घोट घेतला. "त्यांनी मोजायला माणूस पाथर्डीला धाडला नव्हता," ते म्हणाले. "टीव्हीचा सेट, दह्याचा सेट, नोकरीत सेट. संपलं की. लायनीचं तसं नाही."

ते खरंही आहे. मी तात्यांना इतकी वर्षं ऐकतो आहे, त्यावरून माझं एक मत झालं आहे. त्यांच्या शब्दाची ताकद अर्थ किती यात नाही. आमच्या तालुक्यात वीज, पाणी, एसटी, उचल, पीकविमा, नोकरी, सगळं येतं ते पाळीने आणि उशिराने. अशा ठिकाणी माणसाला दोन उत्तरं नको असतात. 'झालं' म्हणावं तर ते खोटं ठरतं, 'होणार नाही' म्हणावं तर समोरचा खचतो. 'लाइन चालू आहे' यात दोन्ही नाही. काम कुठे तरी आहे, कुणी तरी बघतंय, आपला नंबर अजून गेलेला नाही, एवढं त्या माणसाला मिळतं आणि तो उठून कामाला लागतो. तात्या कुणाला फसवत नाहीत, कारण ते तारीख सांगत नाहीत. या कलेत त्यांच्या तोडीची माणसं विधिमंडळात थोडीफार असतील.

फोनच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. एसटीडी बूथच्या काळात मुंबईला हमालीला गेलेल्या पोराशी बोलायला म्हातारी यायची, लाइन लागायची नाही, आणि तात्या रिसीव्हर कानाला लावून सांगायचे, "लाइन बिझी आहे. म्हणजे बोलतोय कुणाशी तरी. म्हणजे बरा आहे." म्हातारी समाधानाने घरी जायची. आता सगळं ऑनलाइन झालं, तर त्या ऑनलाइनसाठी सेतू केंद्रापुढे ऑफलाइन लाइन लागते. सर्व्हर बंद असला की तात्या त्याच आवाजात सांगतात, "वरनं लाइन यायचीय." राजकारणातही हेच वाक्य चालतं. पुढारी गप्प बसला की त्यालाही वरून लाइन यायची असते.

एका लायनीला मात्र तात्या हात लावत नाहीत. नगर-बीड-परळी मार्गावर रेल्वे 23 सप्टेंबर 2022 ला आष्टीपर्यंत धावली आणि 17 सप्टेंबर 2025 ला बीडपर्यंत पोचली. पाथर्डी शहर त्या वाटेवर नाही. आम्ही पाथर्डीकर आजही एसटीने करंजीचा घाट ओलांडून गाडी पकडायला नगरला जातो. नगरचं अहिल्यानगर झालं तरी घाट तोच. एका उत्साही तरुणाने विचारलं, "तात्या, आपल्याकडं रेल्वेची लाइन कधी?" मला वाटलं, आता ठरलेलं उत्तर येणार. तात्या गंभीर झाले. "नको," म्हणाले. "रेल्वे आली की स्टेशन गावाबाहेर जाणार. एसटी स्टँड ओस पडंल. मंग मी बसू कुठं?"

परवा घराचं बांधकाम चालू होतं तिथे गवंडी लाइनदोरी ताणत होता. तात्या देखरेखीला होतेच, न बोलावता. मी त्यांना म्हटलं, तात्या, तुमचा शब्द मुळात या दोरीचाच आहे. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस. जवसाच्या खोडातून वाख निघतो, त्याचा धागा तो लिनिया. तो ताणून सरळ रेघ आखायची, म्हणून रेघेला दोरीचं नाव पडलं आणि इंग्रजीत त्याचं लाइन झालं. म्हणजे आपले गवंडी 'लाइनदोरी' म्हणतात तेव्हा 'दोरीदोरी' म्हणतात.

तात्यांनी बाकी सगळं सोडून एकच गोष्ट धरली. "जवस? आपल्या चटणीचा?"

"तोच."

दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो तर बाकाभोवती दहा-बारा माणसं, आणि मधे तात्या टेस्टर उगारून बोलत होते. "जवस आपला. दोरी आपली. इंग्रज आला, त्यानं त्या दोरीची तार केली, खांबावर बांधली आन् बिल आपल्याच नावावर फाडलं. मास्तरनं पुस्तकातनं काढून दाखवलंय."

पुस्तक मी दाखवलं नव्हतं, पण तेवढ्यासाठी मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं. मागून कुणी तरी विचारलं, "तात्या, साडेसात एचपीपर्यंत मोटरीचं बिल सरकारनं माफ केलं. मंग लाइन आपली असली तर घरचं बी माफ व्हाया पायजे."

तात्यांनी टेस्टर खिशात ठेवला आणि चहा पुढे ओढला.

"वर बोलणं झालंय," ते म्हणाले. "लाइन चालू आहे."